महाविद्यालयाच्या दारापर्यंत



उन्हाळा सरतां सरतां आमच्या वर्धा जिल्ह्यांतील शेतकरी मृगाकडे डोळे लावून बसतो. बियाणें घरांत आलें आहे कीं नाहीं, तिफण नीट आहे कीं नाहीं, हें तो पाऊस पडण्यापूर्वींच पाहून ठेवितो. वापसा झाल्यावर सुताराचें घर शोधीत निघणाऱ्या मनुष्यास शेजारी हंसतात. ह्याच दिवसांच्या सुमारास दहावीचे व बारावीचे निकाल लागतात, आणि त्याच घरांतील मुलगा किंवा मुलगी विद्येच्या पेरणीस उभी राहते. परंतु तिफणीविषयीं इतका सावध असलेला बाप मुलाच्या अर्जाविषयीं निकालाच्या दिवसापर्यंत निश्चिंत बसलेला असतो, असें आम्हीं पुष्कळ वेळां पाहिलें आहे. म्हणून आजचा धडा आम्हीं ह्या विषयास दिला आहे. पाळक, उपदेशक व गांवचे शिक्षक ह्यांनीं तो आईबापांच्या मेळाव्यांत वाचून दाखवावा, अशी आमची विनंती आहे.

आम्हांस ठाऊक असलेलें एक घर हिंगणघाट तालुक्यांत आहे. बाप सरकी काढण्याच्या कारखान्यांत मजूर, आई दुसऱ्यांच्या शेतांत कापूस वेचणारी. मुलगी बारावीस चांगल्या गुणांनीं उत्तीर्ण झाली. घरांत पेढे वाटले. मग अर्ज भरावयास बसले तेव्हां असें आढळलें कीं, शाळेच्या दाखल्यावर बापाचें एक नांव, आधारपत्रावर दुसरें, आणि आजोबांच्या जुन्या कागदावर तिसरेंच. बाप्तिस्म्याच्या वेळीं ठेविलेलें नांव मंडळीच्या पुस्तकांत होतें, घरीं हांक मारावयाचें नांव शाळेंत गेलें होतें. नांवांचा मेळ बसेना, म्हणून दाखला मिळेना. दाखला मिळेपर्यंत प्रवेशाच्या सर्व फेऱ्या आटोपल्या. ती मुलगी एक वर्ष आईबरोबर कापूस वेचीत राहिली. पुढील वर्षीं तिला जागा मिळाली, ही देवाची कृपा. परंतु ते वर्ष तिच्या बुद्धीच्या उणिवेमुळें गेलें नव्हतें. तें एका कागदामुळें गेलें, आणि तो कागद दोन वर्षें अगोदर नीट करतां आला असता. हें आम्हां वडील माणसांचें काम होतें व तें आमच्याकडून झालें नाहीं.

एक जुना अर्ज

महाविद्यालयास अर्ज करणें म्हणजे काय, हें समजण्यास महाराष्ट्रांतील एका प्रसिद्ध अर्जाची गोष्ट उपयोगी पडेल. कल्याण येथें १८६५ सालीं जन्मलेल्या आनंदीबाई जोशी ह्यांना वैद्यकी शिकावयाची होती. त्यांचे पति गोपाळराव ह्यांनीं अमेरिकन मिशनरी वाइल्डर ह्यांस साहाय्याविषयीं पत्र लिहिलें. वाइल्डर ह्यांनीं धर्मांतराचा विषय काढिला, आणि जोशी दांपत्यानें तो मान्य केला नाहीं. तो पत्रव्यवहार मिशनच्या एका मासिकांत छापला गेला. तो अमेरिकेंतील कार्पेंटर नांवाच्या एका बाईंच्या वाचनांत आला व त्यांनीं आनंदीबाईंस आपल्या घरीं आश्रय देऊं केला. १८८३ सालीं आनंदीबाई एकट्या समुद्रपार गेल्या आणि फिलाडेल्फिया येथील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयास त्यांनीं अर्ज केला.

त्या अर्जांत तीन गोष्टी होत्या. आपण कशासाठीं शिकावयास आलों, हें त्यांनीं स्पष्ट सांगितलें: स्वदेशांतील स्त्रिया पुरुष वैद्याकडे जाण्यापेक्षां मरण पत्करितात, त्यांस औषधोपचार मिळावा म्हणून. आपण महाविद्यालयाच्या सर्वच अटी पुऱ्या करूं शकूं असें नाहीं, हेंही त्यांनीं लपविलें नाहीं. आणि साहाय्य मागतांना त्यांनीं आपल्या मनास न पटणारी गोष्ट कबूल केली नाहीं. १८८६ सालीं त्यांस वैद्यकीची पदवी मिळाली. पुढील वर्षींच, फेब्रुवारी १८८७ मध्यें, पुणें येथें त्या मरण पावल्या. त्या ख्रिस्ती नव्हत्या. तरीही अर्जांतील खरेपणा कसा असावा, हें आम्ही ख्रिस्ती लोकांनीं त्यांजपासून शिकावें.

पहिला भाग : वाट निवडणें

दहावीनंतर मुख्यतः तीन वाटा आहेत. अकरावी व बारावी ही पहिली. तंत्रनिकेतनांतील तीन वर्षांची पदविका ही दुसरी. हिच्या शेवटीं अभियांत्रिकी पदवीच्या दुसऱ्या वर्षांत प्रवेश घेतां येतो, ही गोष्ट पुष्कळ घरांत ठाऊक नसते. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आयटीआय, ही तिसरी. ह्या तिसऱ्या वाटेस कोणी हलकी लेखूं नये. ऑक्टोबर १९३७ मध्यें वर्धा येथेंच शिक्षणपरिषद भरली होती व हातांच्या उद्योगांतून शिक्षण द्यावें, हा विचार गांधीजींनीं तेथें देशापुढें मांडिला. ज्या गांवांत हें झालें त्या गांवच्या आसपासच्या लोकांनीं तरी हातांच्या कामाची लाज धरूं नये.

अकरावी विज्ञान घेतांना एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जीवशास्त्र सोडलें तर वैद्यकीची वाट अवघड होते, आणि गणित सोडलें तर अभियांत्रिकीच्या बहुतेक शाखांची बंद होते. म्हणून सोळा वर्षांच्या मुलानें मित्राच्या सांगण्यावरून विषय सोडूं नये. वैद्यकीसाठीं ‘नीट’ ही परीक्षा असते. तिचे गुण ७२० असतात व उत्तर चुकल्यास एक गुण वजा होतो. अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषि ह्यांसाठीं राज्याची ‘एमएचटी-सीईटी’ परीक्षा असते. तींत चुकीच्या उत्तरास गुण वजा होत नाहींत, म्हणून एकही प्रश्न कोरा सोडूं नये. तिच्यांत अकरावीच्या अभ्यासक्रमाचा वांटा सुमारें २० टक्के व बारावीचा ८० टक्के असतो. अकरावींत खेळून बारावींत अभ्यास करूं, असें म्हणणाऱ्यास हे आंकडे दाखवावे.

कला, वाणिज्य व विज्ञान ह्यांच्या साध्या पदवीसाठीं फार दूर जावें लागत नाहीं. आमचा जिल्हा १९२३ सालीं स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठाच्या क्षेत्रांत आहे. वर्धा येथें १९४० सालापासून वाणिज्य महाविद्यालय आहे. नागपुरास स्टीफन हिस्लॉप ह्यांच्या नांवाचें महाविद्यालय १८८३ सालापासून आहे. वर्धा येथें १९९७ सालीं स्थापन झालेलें केंद्रीय हिंदी विश्वविद्यालयही आहे. सेवाग्राम येथें डॉ. सुशीला नय्यर ह्यांनीं १९६९ सालीं वैद्यकीय महाविद्यालय काढिलें. तेथें पूर्वीं स्वतंत्र प्रवेशपरीक्षा असे व तींत गांधीविचारांची प्रश्नपत्रिका असे. आतां तेथेंही नीटच्या गुणांवरच प्रवेश मिळतो. म्हणून दहा वर्षांपूर्वीं शिकून गेलेल्या भावाचा सल्ला प्रेमानें ऐकावा, पण त्या वर्षाची माहितीपुस्तिका स्वतः वाचल्यावांचून त्यावर विसंबूं नये. नियम बदलतात.

दुसरा भाग : कागद

पुढील कागद एका पिशवींत, मूळ व प्रती अशा दोन्ही, जमवून ठेवावे : दहावीची व बारावीची गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, आधारपत्र, अधिवासाचा दाखला, तहसीलदाराकडील उत्पन्नाचा दाखला, विद्यार्थ्याच्या नांवें बँकेचें खातें. ज्यांस राखीव जागेचा हक्क आहे त्यांनीं ह्यांशिवाय जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र आणि लागू असेल तेथें नॉन-क्रीमी लेयरचा दाखला, हे तीन जोडावे लागतात. ह्यांतील बहुतेक दाखल्यांचे अर्ज तालुक्याच्या सेतु केंद्रांत किंवा आपले सरकार सेवा केंद्रांत होतात.

सर्वांत अधिक काळ जात वैधतेस लागतो. तिचा अर्ज जिल्ह्याच्या पडताळणी समितीकडे जातो, व मूल अकरावी-बारावींत असतांनाच महाविद्यालयामार्फत तो करावा. आजा-पणजा ह्यांच्या शाळेच्या नोंदी, जन्ममृत्यूच्या नोंदी, जमिनीचे जुने कागद, हीं कागदपत्रें तेथें पुरावा म्हणून लागतात. इतर मागासवर्गासाठीं १३ ऑक्टोबर १९६७ ह्या तारखेपूर्वींचा पुरावा पाहतात, अनुसूचित जातींसाठीं १० ऑगस्ट १९५० पूर्वींचा. इतके जुने कागद एका दिवसांत सांपडत नाहींत. घराण्याचें मूळ व धर्मांतर दाखवावयाचें असेल तेव्हां मंडळीचें बाप्तिस्म्याचें जुनें पुस्तक उपयोगी पडूं शकतें. म्हणून पाळकांस आमची हात जोडून विनंती आहे कीं, तीं पुस्तकें वाळवीपासून जपावीं व मागेल त्यास नोंदीचा उतारा सही-शिक्क्यानिशीं द्यावा.

नांवाचा मेळ आज रात्रींच पाहावा. दाखल्यावर, आधारपत्रावर व बँकेंत एकच नांव, एकच अक्षरलेखन, एकच जन्मतारीख असावी. शाळेच्या नोंदींतील चूक मूल शाळेंत असतांनाच मुख्याध्यापकांस अर्ज देऊन दुरुस्त करून घ्यावी. शाळा सोडल्यावर ती दुरुस्ती फार कठीण होते. हिंगणघाटच्या त्या मुलीचें वर्ष ह्याच ठिकाणीं गेलें.

तिसरा भाग : जातीच्या व धर्माच्या रकान्यांत काय लिहावें

हा भाग नाजूक आहे, तरी तो टाळणें बरें नव्हे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाप्रमाणें अनुसूचित जातीचा दर्जा आरंभीं हिंदूंसच होता. १९५६ सालीं तो शिखांस व १९९० सालीं बौद्धांस लागू झाला. ख्रिस्ती झालेल्या कुटुंबांस तो लागू नाहीं. महाराष्ट्रांत अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांस इतर मागासवर्गांच्या यादींत स्थान दिलेलें आहे. अनुसूचित जमातींची गोष्ट वेगळी आहे. गोंड किंवा दुसऱ्या जमातीचा मनुष्य ख्रिस्ती झाला तरी केवळ धर्मामुळें त्याचा जमातीचा दर्जा जात नाहीं. म्हणून बौद्ध शेजाऱ्याच्या मुलानें जो दाखला जोडिला तोच आपणही जोडावा, असें ख्रिस्ती बापानें समजूं नये. शेजारी खोटें सांगत नाहीं. त्याचा नियम वेगळा आहे, इतकेंच.

कांहीं घरांत असा विचार येतो कीं, अर्जांत धर्माचा रकाना वेगळा भरला तर जागा मिळेल, शिष्यवृत्तीही मिळेल. आम्ही त्या बापास दोष देण्यास धजत नाहीं. त्याच्या आजानें जी अस्पृश्यता सोसली ती बाप्तिस्म्याच्या पाण्यानें गांवाच्या मनांतून धुऊन गेली नाहीं, हें आम्हांसही ठाऊक आहे. हा नियम अन्यायाचा आहे असें पुष्कळांचें म्हणणें आहे, व ह्या प्रश्नाच्या विचारासाठीं सरकारनें २०२२ सालीं न्यायमूर्ति बालकृष्णन ह्यांच्या अध्यक्षतेखालीं आयोगही नेमिला. अन्यायाविरुद्ध उघडपणें बोलावें, अर्ज करावे, सभा भरवाव्या. परंतु खोटा दाखला जोडूं नये. पडताळणींत तो रद्द झाला तर प्रवेश जातो, घेतलेले पैसे परत करावे लागतात, आणि तोपर्यंत मूल दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षास पोंचलेलें असतें. बापाच्या खोट्याची शिक्षा मुलानें भोगावी, असें कोणता बाप इच्छील? शिवाय ज्या मुलास आम्ही रविवारच्या शाळेंत खरें बोलावयास शिकविलें, त्याच्या आयुष्यांतील पहिला मोठा कागद आम्हींच खोटा भरून द्यावा काय?

खऱ्या वाटेनेंही हक्क आहेत. इतर मागासवर्गाचा हक्क असेल तर तो संकोच न करितां मागावा. ख्रिस्ती समाज अल्पसंख्याक म्हणून मान्य आहे. अल्पसंख्याक संस्थांत कांहीं जागा त्या समाजासाठीं असतात, व व्यावसायिक शिक्षणासाठीं राज्याची अल्पसंख्याक शिष्यवृत्तीही आहे.

चौथा भाग : पसंतीचा क्रम

हल्लीं अर्ज संगणकावर भरावयाचे असतात. २०२५ सालापासून अकरावीचा प्रवेशही साऱ्या राज्यांत ह्याच रीतीनें होऊं लागला. मुलानें महाविद्यालयांचीं नांवें पसंतीच्या क्रमानें लिहावयाचीं असतात. येथें फार गैरसमज आहे. पुष्कळ आईबाप म्हणतात, “मोठ्या महाविद्यालयाचें नांव वर लिहिलें व तें मिळालें नाहीं, तर खालचेंही जाईल.” तसें होत नाहीं. यंत्र गुणांच्या क्रमानें एकेका विद्यार्थ्याकडे येतें, त्याची यादी वरून खालीं वाचतें, आणि ज्या पहिल्या नांवापाशीं त्याच्यासाठीं जागा शिल्लक असेल ती त्यास देतें. समजा, एका मुलीनें नागपूर, सेवाग्राम व पुलगांव अशा क्रमानें तीन ठिकाणें लिहिलीं. नागपूरची जागा तिच्या गुणांत बसली नाहीं, तर यंत्र सेवाग्रामपाशीं येतें, आणि तेथील तिचा हक्क जसाचा तसा असतो. परंतु भीतीनें तिनें पुलगांव वर लिहिलें, तर यंत्र तेंच देईल व पुढचें वाचणारही नाहीं. म्हणून मनांत जें पहिलें तेंच कागदावर पहिलें लिहावें, आणि शेवटीं एखादें खात्रीचें ठिकाणही घालावें.

दुसरी गोष्ट अशी कीं, पहिल्या पसंतीची जागा मिळाली तर ती घ्यावीच लागते, न घेतल्यास पुढील नियमित फेऱ्यांतून नांव जातें. म्हणून नांव लिहिण्यापूर्वीं तें ठिकाण खरोखर परवडेल काय, हें पाहावें. समुद्रपूर किंवा आष्टी तालुक्यांतील मुलीस सकाळची एस.टी. मिळते काय? वसतिगृह आहे काय? जेवणाचा खर्च काय? बुरूज बांधावयास निघालेल्या मनुष्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, ही प्रभूची शिकवण येथें अगदीं शब्दशः लागू पडते.

तिसरी गोष्ट : अर्ज भरून देणाऱ्या दुकानदाराचा मोबाइल क्रमांक अर्जांत घालूं देऊं नये. पुढील सर्व सूचना व ओटीपी त्याच क्रमांकावर येतात. तो दुकानदार गांवाला गेला तर मुलाची जागाही गेली. क्रमांक घरचा असावा, पासवर्ड वहींत लिहून ठेवावा, आणि भरलेल्या अर्जाची छापील प्रत घेतल्यावांचून उठूं नये. “इतके हजार द्या, जागा मिळवून देतों,” असें म्हणणारा मनुष्य दारीं आला तर त्यास पाणी द्यावें, पैसे देऊं नयेत.

पांचवा भाग : पैसा

शिष्यवृत्त्यांचे बहुतेक अर्ज राज्याच्या ‘महाडीबीटी’ ह्या ठिकाणीं संगणकावर होतात. प्रवेश मिळाला म्हणजे शिष्यवृत्ति आपोआप मिळाली, असें नव्हे. तिचा अर्ज वेगळा करावा लागतो व दरवर्षीं नवा करावा लागतो. पैसे आधारपत्रास जोडलेल्या बँकखात्यांतच येतात, म्हणून खातें अगोदर जोडून घ्यावें. ज्या खुल्या प्रवर्गांतील घराचें वार्षिक उत्पन्न आठ लक्ष रुपयांच्या आंत आहे, त्यांच्यासाठीं राजर्षि शाहू महाराजांच्या नांवाची शुल्क शिष्यवृत्ति आहे. वसतिगृहाच्या खर्चासाठीं डॉ. पंजाबराव देशमुख ह्यांच्या नांवाचा निर्वाहभत्ता आहे.

मुलींच्या बापांनीं पुढील वाक्य दोनदां वाचावें. २०२४-२५ ह्या वर्षापासून महाराष्ट्र सरकारनें आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास ह्या वर्गांतील आठ लक्षांच्या आंत उत्पन्न असलेल्या घरच्या मुलींस व्यावसायिक शिक्षणाचें शिक्षणशुल्क व परीक्षाशुल्क पूर्ण माफ केलें आहे. मात्र प्रवेश सरकारी प्रवेशप्रक्रियेंतून झालेला असावा. संस्थेच्या स्वतःच्या कोट्यांतून घेतलेल्या जागेस ही सवलत नाहीं. “मुलीवर इतका पैसा कोण घालील?” असें म्हणणाऱ्यास आतां फारसें निमित्त उरलें नाहीं.

उपदेशकांस दोन शब्द

उपदेशक बंधूंनो, संगणक येत नाहीं म्हणून हें काम आपलें नव्हे, असें म्हणूं नका. आपण घरोघर जातां. कोणत्या घरीं नववीचें मूल आहे, कोणाच्या नांवांत घोटाळा आहे, कोणता बाप दाखल्याचें नांव काढतांच गप्प बसतो, हें आपणांइतकें कोणासही ठाऊक नसतें. एक वही करा. तींत दहावी ते बारावीच्या मुलांचीं नांवें लिहा, व प्रत्येकापुढें कोणता दाखला मिळाला व कोणता राहिला, हें मांडा. मंडळीबाहेरचें मूल विचारावयास आलें तर त्याचेंही नांव त्याच वहींत लिहा, आणि त्याच्याकडून उपासनेस येण्याची अट घालूं नका. आनंदीबाईंच्या गोष्टींत पत्र छापणारें मासिक मिशनचें होतें, परंतु दार उघडलें तें अट न घालणाऱ्या एका बाईनें.

विचारार्थ प्रश्न

१. आपल्या मंडळींत दहावी ते बारावींत शिकणारीं मुलें किती आहेत? त्यांपैकीं किती जणांच्या सर्व कागदांवर एकच नांव आहे?

२. मंडळीचें बाप्तिस्म्याचें सर्वांत जुनें पुस्तक कोठें आहे व कोणत्या स्थितींत आहे?

३. अन्याय वाटणाऱ्या नियमाविरुद्ध बोलणें व त्या नियमास फसविणें, ह्यांत काय भेद आहे?

४. पसंतीच्या यादींत मनांतील पहिलें ठिकाण खालीं लिहिल्यास काय हानि होते, हें एका मुलानें उभें राहून समजावून सांगावें.

५. गेल्या पांच वर्षांत आपल्या गांवांतील कोणत्या मुलीचें शिक्षण पैशावांचून थांबलें? आज तिच्या घरीं कोण जाईल?

पेरणीचा दिवस कोणासाठीं थांबत नाहीं. परंतु ज्यानें बियाणें व तिफण आधींच पाहून ठेविली, त्यास पावसाचें भय वाटत नाहीं. ह्या रविवारीं उपासना संपल्यावर घरची पेटी उघडा, मुलाचे कागद बाहेर काढा, व दिव्याच्या उजेडांत एकेक नांव ताडून पाहा. इतकें झालें म्हणजे आमचा धडा वाचल्याचें सार्थक झालें, असें आम्ही समजूं.